एलेन स्वालो रिचर्ड्स : पाण्यातल्या कणभर मिठावरून सांडपाण्याचा माग काढणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ

पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात टायफॉईड, कावीळ आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात. घरी पाणी कुठले पिता, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. बहुतेक जण सांगतात की पाणी अगदी स्वच्छ आहे, काचेसारखे दिसते, चवीलाही गोड आहे. हल्ली काही जण खिशातून टीडीएस मीटर काढतात आणि त्यावरचा आकडा दाखवतात. आकडा कमी आला म्हणजे पाणी शुद्ध, अशी त्यांची पक्की समजूत असते. घरातल्या दोघांना टायफॉईड झालेला असतो, तरी पाण्यावर शंका घ्यायला घरचे तयार नसतात.

खरे सांगायचे तर सुरुवातीच्या काही वर्षांत मीसुद्धा पाण्याचा तपासणी अहवाल नीट वाचत नव्हतो. क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया असे शब्द आणि त्यांच्यापुढचे छोटे आकडे पाहायचो आणि कागद बाजूला ठेवायचो. या आकड्यांमागची गोष्ट समजली ती एका बाईंचे चरित्र वाचताना. त्यांचे नाव एलेन स्वालो रिचर्ड्स. त्या डॉक्टर नव्हत्या, रसायनशास्त्रज्ञ होत्या. पण पाण्यात विरघळलेले अगदी सूक्ष्म पदार्थ मोजून त्या पाण्याचा इतिहास सांगता येतो, हे त्यांच्या कामाने हजारो नमुन्यांवर दाखवून दिले. पाण्यातून पसरणाऱ्या आजारांशी आपण आज जी लढाई लढतो, तिच्या पायात त्यांच्याही कामाचे दगड आहेत.

शेतातल्या घरापासून कॉलेजपर्यंत

एलेन यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डन्स्टेबल या छोट्या गावी झाला. आई-वडील दोघेही शिक्षक आणि एलेन त्यांची एकुलती एक मुलगी. घरची शेती होती. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. मुलीला चांगल्या शाळेत जाता यावे म्हणून १८५९ मध्ये कुटुंब वेस्टफर्ड गावी राहायला गेले आणि वडिलांनी तिथे दुकान काढले. एलेन शाळेत शिकत, दुकानात हात लावत आणि आईच्या आजारपणात घरही सांभाळत.

शाळा संपल्यावर पुढे शिकायची ओढ होती, पण मुलींना पदवी देणारी कॉलेजे तेव्हा फार थोडी होती आणि पैसाही नव्हता. पुढची काही वर्षे त्यांनी शिकवण्या केल्या, आजारी माणसांची सेवा केली, मिळेल ते काम करून पैसे साठवले. या काळात त्या मनाने खूप खचल्या होत्या. आज एखादी हुशार मुलगी घरात अडकून पडली आणि तिला कशातच रस वाटेना, तर आपण तिच्या मनाच्या आरोग्याचा विचार करू. त्या काळी असा विचार कोणी करत नव्हते. साधारण ३०० डॉलर जमल्यावर १८६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या न्यूयॉर्क राज्यातील वासार कॉलेजात दाखल झाल्या आणि त्यांची उमेद परत आली. तिथे खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल यांच्याकडे त्या शिकल्या. पण त्यांचे मन रमले रसायनशास्त्रात. लोकांच्या रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असे शास्त्र त्यांना हवे होते. १८७० मध्ये त्यांना पदवी मिळाली.

फी माफ झाली, पण नाव पटावर नाही

पदवीनंतर त्यांनी बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे आजच्या प्रसिद्ध एमआयटीकडे, अर्ज केला. तोवर तिथे एकही स्त्री शिकलेली नव्हती. डिसेंबर १८७० मध्ये संस्थेने त्यांना विशेष विद्यार्थिनी म्हणून घेतले आणि फीही माफ केली. आपली गरिबी पाहून ही सवलत दिली असावी असे एलेन यांना वाटले. खरे कारण त्यांना नंतर कळले. कोणी तक्रार केलीच, तर ही बाई आमची विद्यार्थिनी नाहीच असे सांगायला संस्थेच्या प्रमुखांना जागा राहावी, म्हणून ती फी घेतली नव्हती.

१८७१ मध्ये एका रेल्वे अपघातानंतर वडील गेले. आईची जबाबदारी अंगावर आली, तरी शिक्षण सुटले नाही. १८७३ मध्ये एमआयटीची पदवी मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. त्याच वर्षी वासार कॉलेजानेही त्यांना एम. ए. पदवी दिली. पुढे त्या एमआयटीतच काम करत राहिल्या, पण डॉक्टरेट त्यांना कधीच मिळाली नाही. संस्थेची रसायनशास्त्रातली पहिली डॉक्टरेट एका स्त्रीला देण्याची तिथल्या मंडळींची तयारी नव्हती, असे त्यांच्या पतीचे मत होते.

पती म्हणजे एमआयटीतले खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स. १८७५ मध्ये दोघांचे लग्न झाले. लग्नानंतरची सहलसुद्धा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या खाणी पाहण्याची होती आणि सोबत रॉबर्ट यांचे विद्यार्थी होते.

दुसऱ्या स्त्रियांनाही शिकता यावे म्हणून १८७६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून एमआयटीत महिलांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. एलेन तिथे पगार न घेता शिकवत आणि वर स्वतःच्या खिशातून पैसेही घालत. काही वर्षांनी स्त्रियांना नियमित प्रवेश मिळू लागला आणि १८८३ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली. १८८४ मध्ये एमआयटीने आरोग्य रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. एलेन तिथे शिक्षिका झाल्या आणि अखेरपर्यंत, म्हणजे २७ वर्षे, त्याच पदावर राहिल्या.

राज्यभरातील पाण्याचे सर्वेक्षण

एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधील गावे झपाट्याने वाढत होती. नद्यांच्या काठी कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याभोवती कामगारांच्या वस्त्या. कारखान्यांचे आणि घरांचे सांडपाणी नदीत जाई. तेच पाणी पुढचे गाव पिण्यासाठी उचले. टायफॉईडने दरवर्षी माणसे मरत आणि त्यांत तरुण जास्त असत.

एलेन यांनी विद्यार्थिदशेतच, १८७२ पासून, प्राध्यापक विल्यम निकोल्स यांच्या हाताखाली राज्याच्या आरोग्य मंडळासाठी पाण्याची तपासणी सुरू केली होती. १८८६ मध्ये राज्यातील नद्या-तलावांचे पाणी राखण्याची जबाबदारी कायद्याने आरोग्य मंडळाकडे आली. १८८७ मध्ये मंडळाने राज्यातल्या सगळ्या पाणीसाठ्यांची नियमित तपासणी करायचे ठरवले. कामाचे प्रमुख होते प्राध्यापक थॉमस ड्राऊन. प्रयोगशाळा चालवण्याची जबाबदारी एलेन यांच्याकडे आली.

नदी, तलाव, विहीर, झरा, जिथून लोक पाणी पितात तिथून बाटल्या भरून येऊ लागल्या. महिन्यामागून महिने त्याच ठिकाणचे पाणी पुन्हा पुन्हा तपासले जाई, कारण एका दिवसाच्या नमुन्यावरून नदीची प्रकृती कळत नाही. रुग्णाचा रक्तदाब आपण एकदाच मोजून थांबत नाही, तसेच हे आहे. तपासलेल्या नमुन्यांचा एकूण आकडा सुमारे ४०,००० असा सांगितला जातो. इतक्या मोठ्या प्रमाणावर पाण्याची रासायनिक तपासणी अमेरिकेत त्याआधी झालेली नव्हती.

इतके सूक्ष्म प्रमाण मोजायचे कसे?

आधी हे प्रमाण किती लहान असते ते पाहू. आपल्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते. ती पूर्ण भरून तिच्यात फक्त एक ग्रॅम मीठ, म्हणजे दोन-तीन चिमटी, टाकले आणि ढवळले, तर दर लिटरमध्ये एक मिलिग्रॅम मीठ येईल. यालाच दहा लाखांत एक भाग म्हणतात. चवीला ते कळणार नाही आणि डोळ्यांना तर नाहीच. एलेन यांना इतके आणि याहूनही कमी प्रमाण मोजायचे होते, तेही आजच्यासारखी यंत्रे नसताना. त्यांच्यापुढे होते ते डोळे, काचेच्या नळ्या आणि संयम.

क्लोराइड हा मिठातला एक घटक आहे. तो मोजण्यासाठी आधी पाणी आटवून थोडे करत. मग त्यात पोटॅशियम क्रोमेट हे पिवळे रसायन घालून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडत. चांदी आधी क्लोराइडला पकडते. सगळे क्लोराइड संपले की पुढच्या थेंबाला पिवळ्या पाण्यावर लालसर झाक येते. तोवर किती द्रावण लागले, यावरून क्लोराइडचे प्रमाण काढता येते.

अमोनियासाठी पाणी उकळून त्याची वाफ थंड करून गोळा करत आणि त्यात नेसलर यांचे रसायन घालत. अमोनिया असेल तर पिवळा ते तपकिरी रंग येतो. शेजारी माहीत असलेल्या प्रमाणाच्या नळ्या ओळीने लावून कोणत्या नळीशी रंग जुळतो ते डोळ्यांनी पाहत. नायट्राइट असेल तर दुसऱ्या एका चाचणीत गुलाबी रंग येतो. ही गुलाबी रंगाची चाचणी तुमच्याही परिचयाची असू शकते. लघवीत जंतुसंसर्ग आहे का हे पाहायला आम्ही जी पट्टी बुडवतो, तिच्यावरचा नायट्राइटचा चौकोन त्याच रासायनिक क्रियेने गुलाबी होतो.

मोजमापापेक्षा कठीण होते स्वच्छता राखणे. बाटली नीट धुतलेली नसेल, वापरलेल्या रसायनातच अमोनियाचा अंश असेल, किंवा नमुना प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला, तर आकडा चुकतो. पाण्यातले पदार्थ सतत बदलत असतात, त्यामुळे नमुना लवकर तपासावा लागतो. मोजायची गोष्ट जितकी थोडी, तितकी बाहेरची भेसळ घातक. हजारो नमुने याच शिस्तीने तपासले गेले, म्हणून त्या आकड्यांवर विश्वास ठेवता आला.

मिठाचा नकाशा

आता मुख्य प्रश्न. थोडेसे मीठ पाण्यात असले तर बिघडले कुठे? मीठ आपण रोजच खातो.

बिघडते ते मिठामुळे नाही. ते मीठ कुठून आले, हा खरा प्रश्न आहे. आपण रोज खातो त्यातले बहुतेक मीठ लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे माणसांच्या सांडपाण्यात मीठ असतेच. मातीतून पाणी झिरपताना बराचसा गाळ आणि घाण अडते, कुजते, रूप बदलते. पण क्लोराइड मातीत अडकत नाही आणि कुजतही नाही. ते पाण्याबरोबर चालत राहते. त्यामुळे विहिरीच्या पाण्याला वास नसला, रंग नसला, तरी त्यातले जास्तीचे क्लोराइड सांगू शकते की वाटेत कुठेतरी शौचखड्डा किंवा गटार भेटले आहे.

पण जास्तीचे म्हणजे किती? समुद्राजवळच्या पाण्यात वाऱ्याबरोबर येणाऱ्या खाऱ्या तुषारांमुळे मुळातच जास्त मीठ असते. म्हणून आधी प्रत्येक भागातले नैसर्गिक प्रमाण माहीत हवे. ड्राऊन आणि एलेन यांच्या कामातून असे दिसले की माणसांच्या वस्तीचा स्पर्श न झालेल्या पाण्यातील क्लोराइड समुद्रकिनाऱ्यापासून आत जाताना ठरावीक रीतीने कमी होत जाते. किनाऱ्यालगतच्या केप कॉड भागात ते लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या वर होते, तर दूर पश्चिमेच्या डोंगराळ भागात एक मिलिग्रॅमच्या आसपास. सारख्या प्रमाणाची ठिकाणे रेषांनी जोडून राज्याचा नकाशा तयार झाला. तो सामान्य क्लोरीनचा नकाशा म्हणून प्रसिद्ध आहे.

या नकाशाचा उपयोग साधा आणि मोठा होता. एखाद्या गावातून नमुना आला की त्या जागी निसर्गतः किती क्लोराइड असायला हवे ते नकाशावर पाहायचे. नमुन्यात त्याहून जास्त निघाले तर सांडपाणी मिसळल्याचा संशय घ्यायचा आणि शोध सुरू करायचा. आम्ही रक्ताच्या अहवालात सामान्य मर्यादा पाहतो आणि त्या वयाला, त्या माणसाला आकडा योग्य आहे का ते ठरवतो. इथे तेच पाण्यासाठी केले होते. कोकणातल्या किनाऱ्याजवळच्या विहिरीत आणि विदर्भातल्या विहिरीत क्लोराइडचा एकच आकडा आला, तरी त्याचा अर्थ एकच नसतो, हे यावरून लक्षात येईल.

घाण ताजी की जुनी?

क्लोराइड सांगते की सांडपाणी कधीतरी मिसळले. कधी मिसळले, हे सांगतो नायट्रोजन. मलमूत्रातल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांपासून आधी अमोनिया तयार होतो. पुढे मातीतले आणि पाण्यातले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात.

म्हणून अमोनिया जास्त असेल तर घाण नुकतीच आणि जवळूनच मिसळत असण्याची शक्यता असते. नायट्राइट सापडले तर बदल अजून सुरू आहे. अमोनिया नाही पण नायट्रेट आणि क्लोराइड जास्त असेल, तर घाण जुनी असून मातीतून गाळून आली आहे असा अंदाज बांधता येतो. शेतातल्या खतांमुळेही नायट्रेट वाढते, त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल देता येत नाही. सगळे आकडे एकत्र वाचायचे आणि विहिरीच्या आजूबाजूला काय आहे ते जाऊन पाहायचे. रुग्ण तपासण्याची रीतही याहून वेगळी नाही.

जे रसायनशास्त्राला दिसत नव्हते

या पद्धतीला एक मोठी मर्यादा होती. माणूस आजारी पडतो तो क्लोराइडने किंवा अमोनियाने नाही, तर सांडपाण्यातून येणाऱ्या जंतूंनी. टायफॉईडचा जंतू १८८० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता, पण पाण्यातून तो शोधून काढणे तेव्हा फार अवघड होते. रासायनिक आकडे धोक्याची खूण देत, प्रत्यक्ष धोका दाखवत नसत. नदीच्या भरपूर पाण्यात थोडेसे सांडपाणी मिसळले, तर आकडे फारसे हलत नाहीत आणि जंतू मात्र आजार करायला पुरेसे असतात.

मेरिमॅक नदीवर याची किंमत मोजावी लागली. लोवेल शहराचे सांडपाणी नदीत जाई आणि खाली वसलेले लॉरेन्स शहर तेच पाणी पीत असे. १८९०-९१ च्या हिवाळ्यात दोन्ही शहरांत टायफॉईडची मोठी साथ आली. एमआयटीतलेच जीवशास्त्रज्ञ विल्यम सेज्विक यांनी तिचा माग काढून दोष नदीच्या पाण्याकडे जातो हे दाखवले. लॉरेन्समध्ये आरोग्य मंडळाचे प्रयोग केंद्र १८८७ पासून होते. तिथल्या प्रयोगांवरून १८९३ मध्ये शहरासाठी वाळूचा मोठा गाळप प्रकल्प सुरू झाला आणि टायफॉईडचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा टायफॉईडवर प्रतिजैविके नव्हती. माणसे वाचली ती गाळलेल्या पाण्याने.

हे यश एकट्या एलेन यांचे नव्हते आणि तसा दावा करणे बरोबर होणार नाही. रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ आणि अभियंते यांनी मिळून ते केले. पण पाण्याकडे वर्षानुवर्षे, आकड्यांनिशी पाहण्याची सवय राज्याला लागली, त्यात त्यांच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा होता. सेज्विक, ड्राऊन आणि एलेन यांच्या हाताखाली शिकलेले विद्यार्थी पुढे अनेक शहरांच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहू लागले.

प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात

एलेन यांना शास्त्र घरापर्यंत न्यायचे होते. बॉस्टनजवळ जमैका प्लेन इथल्या स्वतःच्या घरात त्यांनी हवा खेळती ठेवण्याचे प्रयोग केले, जड पडदे काढून खिडक्यांत झाडे ठेवली. किराणा मालातल्या भेसळीची तपासणी केली. स्वयंपाक आणि साफसफाईच्या रसायनशास्त्रावर गृहिणींसाठी पुस्तक लिहिले. १९०० मध्ये हवा, पाणी आणि अन्न यांच्या तपासणीवर त्यांचे पुस्तक आले. त्यात सहलेखक होते अल्फियस वुडमन.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले नाहीत. १८९० मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये कामगारांसाठी स्वस्त आणि पौष्टिक अन्नाचे स्वयंपाकघर सुरू केले. अन्न मोजून-मापून शिजवलेले होते, पण परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांना त्याची चव रुचली नाही. त्यांना आपल्या घरची चव हवी होती. आहाराचा सल्ला देताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. ज्याच्या ताटात भाकरी आहे त्याला ओट्स लिहून देऊन उपयोग होत नाही. त्याच स्वयंपाकघरातून पुढे बॉस्टनच्या शाळांना मात्र जेवण जाऊ लागले. १९०८ मध्ये अमेरिकेत गृहविज्ञानाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष एलेनच होत्या.

१९१० मध्ये स्मिथ कॉलेजाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ३० मार्च १९११ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत त्या कामात होत्या. एमआयटीत त्यांनी चाळीस वर्षे काढली, पण प्राध्यापक हे पद त्यांना मिळाले नाही.

आज आपण यातून काय घ्यावे?

तुमच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा अहवाल हातात आला, तर तो फाईलमध्ये टाकू नका. पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे कळत नाही. जंतू तर त्याला अजिबात दिसत नाहीत. टीडीएस कमी असलेल्या पाण्यानेही टायफॉईड आणि कावीळ होऊ शकते.

२. अहवालात रासायनिक आणि जंतूंची, अशा दोन्ही तपासण्या हव्यात. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात कोलिफॉर्म जिवाणू सापडता कामा नयेत.

३. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध देत असाल तर हा आकडा फार महत्त्वाचा आहे. जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि ओठ, नखे निळसर पडतात. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यामुळे असे होते हे दाखवून दिले. बाळ निळसर दिसले तर वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

४. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक मात्र जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. कोणता दोष आहे हे कळल्यावरच उपाय निवडा.

५. फ्लोराइडची योग्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसले, तर डॉक्टरांना दाखवा आणि पाणीही तपासून घ्या.

६. नमुना घेण्याआधी बाटली कशी हवी, किती वेळात पोचवायची, हे प्रयोगशाळेला विचारा. चुकीच्या बाटलीतला नमुना चुकीचे उत्तर देतो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. ग्रामपंचायतीकडेही चौकशी करता येईल.

७. एकदा अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. विहीर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासा. जवळ शौचखड्डा, गोठा किंवा गटार असेल तर नक्कीच.

घरात कोणाला चार-पाच दिवस ताप असेल, जुलाब थांबत नसतील, किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. आणि जाताना पाण्याचा अहवाल असेल तर तोही सोबत न्या. मी आता तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.